दारं धरलेली माणसं

बारामतीहून निघतानाच माझं डोकं तापलं होतं. इंदापूरकडच्या एका लहानशा दवाखान्यातून सकाळपासून एकच फोन येत होता, नेट गेलंय. नेट गेलेलं नाही हे मला गाडी चालवतानाही कळत होतं. ते गेलं असतं तर कुणाचंच चाललं नसतं. इथं काहींचं बिनबोभाट चाललं होतं आणि बाकीच्यांच्या पडद्यावर ‘जोडणी होत नाही’ एवढंच येत होतं. संगणक एकमेकांना जोडून देणं हा माझा धंदा. त्यात दुखतं पोट आणि लोक दाखवतात गुडघा.

पोचले तर वॉर्डातल्या संगणकापुढे डॉक्टर स्वतःच उभे. मागच्या खाटेवर सांगवीचे एक वयस्क बागायतदार धापा टाकत होते. न्यूमोनिया झाला होता. देण्यासारखी दोन इंजेक्शनं होती, आणि त्यातल्याच एकाने गेल्या वर्षी याच दवाखान्यात त्यांचा घसा सुजून प्राण कंठाशी आले होते. कोणत्याने, ते फक्त संगणकात होतं, कारण कागदी केसपेपर कधीच बंद झाले होते. त्यांच्या बायकोला एवढंच आठवत होतं की औषध पांढरं होतं. दोन्ही पांढरीच होती.

“फार थांबता येणार नाही,” डॉक्टर मला म्हणाले. “नाही उघडलं तर अंदाजाने देतो.”

मी सर्व्हरच्या खोलीकडे पळाले.

सर्व्हर ठणठणीत होता. त्याचा परवाना एका वेळी दहाच जणांना आत घेण्याचा, आणि दहाही जागा भरलेल्या होत्या. गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेकांनी सकाळपासून एक अक्षरही टाइप केलेलं नव्हतं. मी एकाला बाहेर काढलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसरंच कुणी आत शिरलं. आणखी एकाला काढलं, पुन्हा तेच. वॉर्डाचा नंबर काही लागेना. यंत्रांचे नुसते क्रमांक दिसत होते, माणसं दिसत नव्हती, म्हणून मी शेजारच्या हिशेबाच्या खोलीत शिरले.

तिथं हिशेब बघणारे तात्या डबा खात बसले होते. शेळगावचे, देवमाणूस, दर खेपेला माझ्या पिशवीत पेरू घालणारे. त्यांचा संगणक उघडाच होता. शेजारच्या संगणकावर टॉवेल पांघरलेला आणि वर चिठ्ठी, ‘चालू आहे, हात लावू नये’. ती खुर्ची कुणाची म्हणून विचारलं तर कळलं, त्या बाई माहेरी गेल्यात, सोमवारी येतील. मग हे चालू कशाला?

“ताई, पान्याची पाळी आली की दार कोन सोडतंय?” तात्या शांतपणे म्हणाले. “आपुन सोडलं की वरचा घेतो. मंग बसा आभाळाकडं बघत.”

सगळ्या दवाखान्याने मिळून शेतात पाणी घेणारं कालव्याचं दार धरून बसायची रीत संगणकाला लावली होती. आत गेलेला बाहेर येत नव्हता, आणि बाहेरचे रिकाम्या जागेवर टपून बसले होते. कुणाच्या मनात पाप नव्हतं, याचंच मला जास्त भय वाटलं. भिंतीपलीकडे एक माणूस श्वासासाठी झगडत होता आणि इथं टॉवेलखाली जागा झाकून ठेवलेली होती.

मी त्यांना त्या खाटेवरच्या माणसाबद्दल सांगितलं. तात्यांच्या हातातला घास हातातच राहिला. खरकट्या हातानेच त्यांनी दोन्ही संगणक बंद केले आणि खोल्याखोल्यांत जाऊन ओरडले, “समदी दारं सोडा, वॉर्डाला पानी जाऊ द्या.”

वॉर्डातल्या संगणकावर बागायतदारांचं पान उघडलं. डॉक्टरांनी औषधाचं नाव वाचलं आणि ट्रेकडे पाहिलं. सिस्टरांनी भरून ठेवलेली सिरिंज त्याच औषधाची होती. डॉक्टरांनी ती उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. बायकोने विचारलं, सापडलं का? सापडलं, म्हणाले. दुसरं इंजेक्शन दिलं गेलं.

दुपारी त्या बागायतदारांची धाप जरा कमी झाली, तेव्हा मी यादी पुन्हा पाहिली. सगळे बाहेर पडले होते, पण एक यंत्र सकाळपासून आतच होतं. कुणीच ते आपलं म्हणेना. वायरीचा माग काढत मी वरच्या मजल्यावर गेले. खोलीला कुलूप होतं. दारावरची पाटी वाचून मी डॉक्टरांनाच बोलावणं धाडलं.

त्यांनी खिशातून किल्ली काढून स्वतःची केबिन उघडली. पडदा चालू होता.

“सकाळी मीच उघडून ठेवलं होतं,” ते म्हणाले. “एकदा बाहेर पडलं की परत जागा मिळत नाही.”

ते खुर्चीत बसले आणि त्यांनी सांगवीच्या त्या पेशंटचं नाव टाकलं. पान लगेच उघडलं. “नुसता जिना चढून आलो असतो तरी भागलं असतं,” ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने संगणक बंद केला.