उपवासातला हालेलूया

आमच्या मंडळीत भजन संपलं की पहिला हालेलूया आई म्हणायची. कुणी तिला त्या कामावर नेमलं नव्हतं. ती सोलापुरातल्या एका गिरणीत रिळं भरायची, आणि दिवसभर यंत्रांच्या गोंगाटात बोलायची सवय असल्यामुळे हळू आवाज हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता. तिनं शेवटचा ‘या’ लांबवला की देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आढ्यावरच्या चिमण्या उडायच्या. बाबा ढोलकी वाजवायचे. भजन संपताना ते हात क्षणभर अधांतरी धरायचे, त्या रिकाम्या जागेत आईचा आवाज उठायचा, मग ढोलकीवर थाप पडायची आणि सगळी मंडळी गर्जायची.

हा शब्द हिब्रू भाषेतला, आणि त्याचा अर्थ ‘परमेश्वराची स्तुती करा’, असं पाळकसाहेबांनी आम्हा मुलांना शिकवलं होतं. आम्ही मान डोलावली होती. पण आमच्या लेखी हालेलूया म्हणजे उपासना संपत आली, आता घरी जाऊन जेवायचं.

मग दिवाळीच्या सुमारास माझा तान्हा भाऊ तापानं गेला. आई आठवड्याभरात कामावर गेली, रविवारी देवळातही आली, पण गायची थांबली. बाबा मात्र हट्टानं तीच जागा रिकामी ठेवायचे. भजन संपायचं, हात अधांतरी थांबायचे, आई चटईकडे बघत बसायची. कुणीतरी खाकरायचं आणि शेवटी मागच्या रांगेतून कुणीतरी पुरुष घोगऱ्या आवाजात वेळ निभावून न्यायचा. मला त्या क्षणाची इतकी धास्ती बसली होती की भजन संपूच नये असं वाटायचं.

एकदा बाबांनी तिला सरळच विचारलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “देवाची स्तुती करा, असं कुनाला सांगू मी? मलाच जमंना झालंय. दुसऱ्याला कुटल्या तोंडानं सांगू?”

भस्म बुधवार आला. त्या दिवसापासून ईस्टरच्या पहाटेपर्यंत आमचा उपवासाचा काळ, आणि तेवढे दिवस आमच्याकडे हालेलूया बंद असायचा. भजनं व्हायची, पण तो शब्द तोंडातून काढायचा नाही. ज्याच्या तोंडून चुकून निसटेल त्यानं ईस्टरच्या आदल्या शनिवारी एकट्यानं सगळं देऊळ धुवायचं, असा दंड होता. दर वर्षी कुणीतरी सापडायचंच, आणि बाकीचे महिनाभर त्याची टर उडवायचे. त्या वर्षी हा नियम आमच्या घराला सुटकेसारखा वाटला. आई गप्प होती, पण आता सगळीच मंडळी गप्प होती. पाळकसाहेबांनी मात्र बाबांना बाजूला घेऊन विचारलं, “ईस्टरला सुरुवात दुसऱ्या कुणाला सांगू का?” बाबा म्हणाले, “थांबा की जरा.”

आमच्या भिंतीला भिंत लावून एक तेलुगू विणकर कुटुंब राहायचं. नवराबायको दोघंच. बायको आईला अक्का म्हणायची. तिचे दिवस भरले होते. उपवासातल्या पहिल्याच रविवारी सकाळी तिला कळा सुरू झाल्या आणि सुईणीनं आईला हाक मारली. भाऊ गेल्यापासून आईनं कुणाचं मूल हातात घेतलं नव्हतं. ती त्यांच्या उंबऱ्यावर थबकली, पदर खोचला आणि आत गेली.

मी अंगणात उभी होते. विणकर मागावर जाऊन बसला होता, पण धोटा त्याच्या हातात तसाच होता. आतलं कण्हणं थांबलं. मूल झालं म्हणावं तर रडणं ऐकू येईना. सुईण काहीतरी पुटपुटत होती. मग आईचा आवाज आला, “आना हिकडं.” पाठीवर चापट मारल्याचा आवाज आला. पुन्हा एक. मला वाटलं, आता आपलं घर पुन्हा कधीच हसणार नाही.

आणि मूल रडलं. त्या रडण्यावर चढून, चार घरांपलीकडे जाईल असा आईचा आवाज उठला, “हालेलूया!”

बाबा दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते बाहेर धावले. “अगं, उपवास हाय!” असं ओरडले आणि तिथंच रडायला लागले. मुलगी झाली होती.

मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण आई घरी आली ती परत मिटूनच. “चुकून निगालं,” एवढंच म्हणाली. त्याच दिवशी देवळात तिनं स्वतःहून पाळकसाहेबांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, “बाई, असला हालेलूया दंडात धरत नाहीत.” आई म्हणाली, “नियम म्हंजे नियम.” या बाईपुढे कुणाचं चालायचं नाही.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी ती बादली आणि खराटा घेऊन निघाली. नुकताच शेजारणीचा सव्वा महिना संपला होता. ती लेकीला घेऊन मागोमाग येऊन आडवी आली, “माझ्यामुळं दंड, मी पण धुणार.” एकट्यानंच धुवायचं असतं, हे आईनं तिला परोपरीनं सांगितलं. शेवटी तिला पायरीवर बसवलं. तिथं बसून तिनं सगळं विचारून घेतलं: कोणता शब्द, केव्हा म्हणायचा, आधी कोण म्हणतं. आई फरशी घासत उत्तरं देत होती. शेवटच्या प्रश्नाला मात्र ती बादली घेऊन पुढं सरकली. मीच सांगितलं, “आई म्हनायची.”

ईस्टरच्या पहाटे देऊळ अजून ओलसर होतं. शेजारीण लेकीला घेऊन दाराशी उभी होती. पाळकसाहेब म्हणाले, “ख्रिस्त उठला आहे!” मंडळी म्हणाली, “खरोखर उठला आहे!” भजन झालं. बाबांचे हात अधांतरी थांबले. आई मान खाली घालून बसली होती. मागे कुणीतरी खाकरलं.

तेवढ्यात दारातून, बाजारात हाक मारावी तशी शेजारीण ओरडली, “अक्का, म्हण की! सगळे थांबलेत!”

मंडळी वळून बघायला लागली. आईनं मान वर केली, दाराकडे बघितलं, आणि हालेलूया म्हटला. आवाज मध्ये फाटला. तिनं तो तसाच फाटका वर नेला. बाबा थाप मारायला विसरले, आणि मंडळी ढोलकीची वाट न बघताच उसळली.

घरी येताना ती मुलगी आईच्या खांद्यावर झोपली होती. आई बाबांना म्हणाली, “मी म्हनत हुते, दुसऱ्याला कसं सांगू. मलाच कुनीतरी सांगायला पायजे हुतं.”