एप्रिलची छाटणी

माझे सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, दिंडोरीकडचे जुने द्राक्षबागायतदार. दोहाला आले ते स्वतःची छाटणीची कात्री बनियनमध्ये गुंडाळून घेऊन.

"इथं काय छाटणार, आप्पा?"

"असू दे. माणूस रिकामा बसला की कुजतो."

वर्ल्ड कपचं वर्ष होतं. रोज नवा रस्ता बंद. मुऐदरमधल्या आमच्या व्हिलाच्या मालकाला घर फुटबॉलच्या पाहुण्यांना द्यायचं होतं, म्हणून सप्टेंबरअखेर निघा, असं त्याने सांगून टाकलं होतं. मी ऑफिस सांभाळून खोल्यांप्रमाणे खोकी भरायला घेतली होती. मागच्या आउटहाउसमधल्या जॉर्जियन बाईलाही तीच नोटीस होती. ती वेस्ट बेमधल्या एका हॉटेलात बेकरी सांभाळायची.

तिच्या दाराशी एक द्राक्षवेल होती. कॉकेशसच्या डोंगरातल्या गावाहून निघताना तिच्या वडिलांनी ओल्या फडक्यात गुंडाळून काडी दिली होती. तिच्या गावी अंगणात मातीचे रांजण गळ्यापर्यंत पुरलेले असतात. द्राक्षं पायाने तुडवायची, साली-बियांसकट रस त्यात ओतायचा, वर दगड ठेवून माती लोटायची आणि वसंतात उघडून वाइन काढायची. इथे तसलं काही करायची सोय नव्हती, तिला करायचंही नव्हतं. तिला फक्त घड हवे होते. वडील आदल्या वर्षी गेले तेव्हा रजा मिळाली नाही. यंदा वेलीला पहिलं खरं पीक धरलं होतं. तिच्या घरी पहिला घड सर्वांत थोरल्याच्या हातात देतात. तो जुलैत वडिलांच्या कबरीवर न्यायचा होता. तिकीट काढून झालं होतं.

आप्पांनी पहिल्याच संध्याकाळी वेल पाहिली. "हिला कोणी छाटत नाही का?"

मी इंग्रजीत सांगितलं. "आम्ही हिवाळ्यात छाटतो," ती म्हणाली. "वेल झोपलेली असते तेव्हा."

"वेल झोपत नसते. माळी झोपतो. सांग तिला."

ती हसली. "आजोबांना सांग, आमच्या डोंगरात चर्च यायच्या आधीपासून द्राक्षं आहेत."

"मग अजून शिकली कशी नाही?"

तेही मी सांगितलं. या वेळी ती हसली नाही.

एप्रिलमध्ये एके दिवशी ऑफिसातून आले तर तिच्या दाराशी नुसतं खोड आणि दोन उघडे फाटे. खाली हिरव्या फांद्यांचा ढीग. त्यात घड होते, ज्वारीएवढ्या मण्यांचे. आप्पा नळावर हात धूत होते.

"खरड छाटणी केली. आमच्याकडं एप्रिलातच करतात."

"आप्पा, घड होते तिच्यावर."

"अवेळी आलेले. असले घड वेलीलाच खातात. ऑक्टोबरात पुन्हा छाटायची, मग फेब्रुवारीत खा म्हणावं टोपलीभर."

"ऑक्टोबरात इथे कोणीच नाही. घर सोडायचंय."

त्यांनी नळ बंद केला. मग टॉवेल मागितला. "फ्रिजवर एवढी मोठी यादी लावलीस, एसी बंद करा, गेट लावा. वेलीला हात लावू नका असं कुठं लिहिलं होतं?"

ती ड्यूटीवरून आली. ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकच शब्द: "का?"

"तिला सांग," आप्पा म्हणाले, "वेलीवर दया करणाऱ्याला नुसती पानं मिळतात."

मी सांगितलं. मग आप्पांकडे वळले. "तिला हे घड वडिलांच्या कबरीवर न्यायचे होते, आप्पा."

"मेलेला माणूस द्राक्षं खातो का?"

हे मी सांगणार नव्हते. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणाला? सगळं सांग." मी सांगितलं.

ती ढिगापाशी बसली आणि एकेक कोवळं पान खुडायला लागली. घडही वेगळे काढले. शुक्रवारी तिने आम्हाला जेवायला बोलावलं. माझी मुलगी तिच्या बाबांबरोबर बिन महमूद भागात मैत्रिणीकडे गेली होती, म्हणून आप्पा आणि मी दोघंच गेलो.

खिमा भरून गुंडाळलेली द्राक्षाची पानं. आप्पा कुरकुरले, "आमच्याकडं ही पानं शेळीलाही घालत नाहीत, औषध मारलेलं असतं." तरी खाल्ली. यजमानाने वाढलेलं टाकायचं नाही, हा त्यांचा स्वतःचाच नियम.

मग ती डाळिंबाच्या रसाचा पेला घेऊन उभी राहिली. तिच्याकडे जेवताना असं उभं राहून कुणासाठी तरी बोलतात, बाकीच्यांनी पेला रिकामा करायचा असतो.

"या पाहुण्यासाठी," ती म्हणाली. "याने माझ्या बापाला दुसऱ्यांदा पुरलं. हा इथून उपाशी जाऊ नये."

मी शब्दन्‌शब्द मराठीत सांगितला. आप्पांनी पेला रिकामा केला.

तिने एक वाटी आणून त्यांच्यापुढे ठेवली. मिठात घातलेले ते हिरवे, कच्चे घड. त्यातला एक उचलून तिने त्यांच्या हातात दिला. "पहिला घड थोरल्याला."

आप्पांनी तोंडात टाकला. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, पण थुंकले नाहीत. ती उभीच होती. त्यांनी एकेक करत अख्खी वाटी संपवली आणि तोंड पुसलं.

"मीठ जास्त झालंय म्हणावं."

मी सांगितलं. तिने वाटी पुन्हा भरली.