बॉनेटवरचा ओरखडा

खालच्या मजल्यावरचा निखिल दर रविवारी आपली लाल स्पोर्ट्स कार स्वतः धुतो. साबणाची बादली वेगळी, फडकं पिळायची वेगळी, शेवटी वॅक्सचा हात. बॉनेटवरच्या बारीक ओरखड्याशी मात्र तो थांबतो आणि सगळ्या बाल्कन्या निरखतो.

"काका, तुमचं मांजर जरा घरात ठेवत जा," आज तो मला म्हणाला.

एखादी वस्तू इतकी चकचकीत ठेवली, की माणसाला सगळ्यांची नखंच दिसायला लागतात. संशय मलाही आहे. दसऱ्याच्या पूजेत त्याच्या आईंनी त्याच बॉनेटवर अनामिकेने कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, अगदी मन लावून, दाबून. तेव्हा त्या बोटात हिऱ्याची अंगठी होती. हल्ली नसते.