पहिला पोहरा

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि त्याच सुमारास पावसानं पाठ फिरवली. मी मूळचा मुखेडचा. बदली होऊन नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून म्हणून आलो आणि पाणीटंचाईच्या टेबलावर बसलो. टँकर कुठं पाठवायचा ते वरचे साहेब ठरवायचे, मी फक्त लिहून घ्यायचो. पण आम्ही राहायचो त्या लिंगायतांच्या गल्लीत सगळ्यांची समजूत अशी, की टँकर मीच आणतो. ती समजूत मी कधी मोडली नाही. कारकुनाला कुणी साहेब म्हणत असेल तर तो कशाला मोडेल? मला तर लई गोड वाटायचं.

गल्लीत एक आड होता, ठणठणीत कोरडा. टँकर यायचा, आडात पाइप सोडून रिकामा व्हायचा आणि मग ज्यानं त्यानं दोर बांधलेल्या आपापल्या पोहऱ्यानं पाणी शेंदायचं. त्यात एक रीत पडली होती. पहिला पोहरा साहेबांचा. मी सुरुवातीला नको नको म्हटलं, पण तेही तोंडदेखलंच.

माझी मोटारसायकल जुनी. खेड्यापाड्यांच्या रस्त्यांनी तिचे पुढचे शॉकअप पार बसले होते. खड्डा आला की हॅंडलचा दणका दातापर्यंत जायचा. आतलं तेल खराब झालंय, बदलायला पाहिजे, हे मला कळत होतं. एकदा एका मित्राला करताना पाहिलं होतं, तेवढ्यावर माझी छाती फुगली. सुट्टीच्या दिवशी अंगणात गाडी स्टँडवर घेतली, इंजिनाखाली दगड लावले आणि बसलो पाने घेऊन.

बायको म्हणाली, "काय करायलाव सकाळच्या पारी?"

"बघच तू," मी म्हणालो.

खालचा स्क्रू काढायच्या आधी जुनं तेल धरायला भांडं हवं होतं. आता आली का पंचाईत! दुष्काळात घरातलं एकही भांडं रिकामं नसतं. घागरी, पातेली, कळशी, अगदी पोरीचा चहाचा कपसुद्धा भरून झाकून ठेवलेला. आंघोळीचं पाणी कपड्यांना आणि कपड्यांचं फरशीला, अशी सगळी भांडी अडकलेली. रिकामा होता फक्त पोहरा. आड कोरडा, तर पोहऱ्याला काय काम? तोच लावला खाली. स्क्रू काढून पुढचं चाक वर रेटलं तशी काळपट राड पिचकारीसारखी आली आणि काय वास सुटला म्हणता! सडक्या मासळीचा. बायकोनं नाकाला पदर लावला. "शिवा शिवा! अहो, पाण्याचं भांडं हाय ते!"

"घासून देतो की राखेनं," मी खेकसलो. राग असा की हिला मेलीला यंत्रातलं काय कळतंय. जुनं तेल बाटलीत ओतलं, पोहरा चिंधीनं पुसला आणि कट्ट्यावर पालथा घातला. मग खोकल्याच्या औषधाच्या बाटलीनं नवं तेल वरून ओतायला घेतलं.

तेवढ्यात पोरं ओरडली, "टँकर आलं, टँकर!"

त्या दिवशी यायचाच नव्हता तो. मी उठलो, तसाच पोहरा उचलला आणि पळालो. राखबिख सगळं डोक्यातून गेलं. आडाभोवती ही गर्दी. पण मला पाहून माणसं बाजूला झाली. शेजारच्या आक्कांची लेक नुकतीच बाळंत झाली होती, त्यांच्या घरात बाळाच्या आंघोळीपुरतंही पाणी उरलं नव्हतं. तरी त्याच म्हणाल्या, "सरका रे, साहेबाचा पोहरा जाऊ द्या."

मी पोहरा सोडला. बुडवला, हिसका देऊन पुन्हा बुडवला, वर ओढला. पाण्यावर रंगीत तवंग पसरत गेला आणि तो वास आडातून वर आला. गल्लीत मासळीचं नाव घेत नाहीत, तिथं ही तऱ्हा. एक तरुण पोरगा ओरडला, "आरं, काय घातलं ह्यात? सगळं नासलं की!" त्याच्या बापानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. माझे हात कोपरापर्यंत काळे, सगळ्यांना दिसत होतं. कुणी तरी आक्कांच्या देवणी जातीच्या गाईपुढं बादली ठेवली. तिनं नुसतं हुंगलं, फुरफुरली आणि मान फिरवली. मला वाटलं, शिव्या द्या रे, एक तरी शिवी द्या. माणसं खाली बघत रिकामी भांडी घेऊन निघून गेली.

संध्याकाळी आक्का आणि गल्लीतले दोघे जाणते दारात आले. आता बोलणार, मी मनाची तयारी केली. चुकलं माझं, असं म्हणायचंही ठरवलं.

आक्कांच्या हातात कळशी होती. "तुमच्याकडं पोर हाय लहान," ती माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "चार घरचं मिळून जमवलंय, कालचं हाय, चांगलं. आन् साहेब, ते पोरगं खुळं हाय, बोलून गेलं. मनावर घिऊ नका." दोघांपैकी एकानं हात जोडले. "आमच्या गल्लीचं टँकर बंद करू नका, एवढंच."

टँकर माझ्या हातात नाही, मी कारकून आहे, चूक माझी आहे. तीन वाक्यं म्हणायची होती, साधी. शरमेनं कानशिलं तापली होती आणि तोंडातून निघालं ते कचेरीतलं.

"बरं. बघतो."

ते वळले. बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, की आजही ते डोळे आठवले की मान खाली जाते. तिनं माझ्या हातातली कळशी हिसकली आणि अनवाणीच गल्लीत पळाली.

"आक्का, आमच्याकडं हाय भरलेलं. हे बाळंतिणीला न्या. तुमच्या पाया पडते, न्या."

आक्का मागं मागं सरत होत्या. माझ्या दाराकडं बघून, आवाज बारीक करून म्हणाल्या, "नको गं माय, ठिव तू. साहेबाला राग यील."