सासूबाईंची चुन्याची डबी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नाची मेंदी उतरायच्या आत माझा निवड सामना आला. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण, आणि मी त्यात कॅचर. बॅटवालीच्या मागे उकिडवं बसायचं आणि मांड्यांच्या आड बोटं धरून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणारीला, कुठला चेंडू हवा ते खुणवायचं. वणीकडच्या माझ्या सासरी हे पटण्यासारखं नव्हतंच. सासूबाईंनी सांगितलं होतं, "राज्याच्या संघात घेतलं तर खेळ. नाय घेतलं तर इषय संपला." वर खेळ हाय तरी काय, ते बघायला स्वतः नाशिकला आल्या.

पहिल्याच डावात घोळ सुरू झाला. मी संथ चेंडू मागायची, पिचर वेगाचा टाकायची. चेंडू हातून निसटत होते, समोरच्या धावा काढत होत्या. शेवटी ती धावत माझ्याकडे आली. "ताई, तुझी बोटंच दिसत नाहीयेत. सगळं काळंकुट्ट." मेंदी अशी रंगली होती की नवऱ्याचं प्रेम अख्ख्या मैदानाला कळावं.

डाव संपल्यावर कडेला येऊन बसले. रडू येत होतं. सासूबाई तंबाखू मळत होत्या. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बोटं दिसत नाहीत एवढं कळलं. त्यांनी माझा उजवा हात ओढला आणि डबीतला चुना एकेका नखावर थापला. "जा आता. आंधळीला बी दिसंल."

त्यानंतर पिचर चुकली नाही. संघात माझं नाव लागलं, आणि पुढं बरीच वर्षं लागत राहिलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा शिट्टी गळ्यात अडकवली आणि पोरींना शिकवू लागले. हे सगळं मला त्या बाईनं दिलं. त्या गेल्या तेव्हा घरात दागिन्यांची वाटणी झाली. मी डबी मागितली. तिच्यावरून कुणी भांडलं नाही.

परवा माझी एक कॅचर हळदीच्या अंगानं मैदानावर आली. कोपरापर्यंत मेंदी, डोळे सुजलेले. "मॅडम, हा शेवटचाच सामना. सासूबाई नको म्हणतात."

मी बॅगेतून डबी काढली आणि तिच्या नखांना चुना लावला.

"खेळून घे," म्हटलं. "आणि पुढच्या सामन्याला त्यांना घेऊन ये. माझ्या शेजारी बसव."