डाव्या बाजूची आई

"डावा कान जवळजवळ गेलाय, सर. आठ दिवस काय करून राहिला होता?" नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांनी विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. गाणं दुरुस्त करत होतो.

मी अहमदपूरला गणित शिकवतो. आई गेल्यावर वर्षभर खपून गिटार आणि लॅपटॉपवर सात गाण्यांचा अल्बम केला. स्लोकोर, ड्रीम पॉप म्हणतात त्या जातीची गाणी: अतिशय संथ, उदास, धुक्यातून आल्यासारखी. माझी बायको वैशाली म्हणते, "तुमची एक ओळ होईस्तोवर कुकरच्या तीन शिट्ट्या होतात." शेवटच्या गाण्यात आईचं गुणगुणणं आहे. ती तांदूळ निवडत होती तेव्हा मोबाइलवर घेतलेलं. आमचं स्वयंपाकघर डावीकडे, म्हणून तिला हेडफोनच्या डाव्या बाजूला ठेवलं.

एका सकाळी त्या बाजूला नुसतं गूं वाजू लागलं आणि आई पुसट झाली. असल्या गाण्यांत धूसरपणा मुद्दाम ठेवतात. मला वाटलं, माझंच मिक्सिंग, म्हणजे आवाजांची जुळवणी, चुकलंय. रोज डाव्या बाजूचा आवाज थोडा थोडा वाढवत गेलो. नवव्या दिवशी वैशालीनं हेडफोन लावला आणि झटक्यात काढला. "अहो, आई वरडून राहिल्यात की!"

आई जन्मात कधी ओरडली नव्हती. वैशालीनं मला तसंच नांदेडच्या एसटीत बसवलं.

आजाराचं नाव सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस, म्हणजे कानाच्या आतली ऐकण्याची ताकद अचानक जाणं. ऑडिओमेट्रीत बंद खोलीत बसून आवाज आला की बटण दाबायचं असतं. मी कितीदा तरी माझ्याच कानातल्या गूंला बटण दाबलं. एमआरआयमध्ये गाठ निघाली नाही. मग स्टेरॉईडच्या गोळ्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं, आणि बाहेरच्या बाकावर वाट पाहणं.

"थोडं परत येईल. सगळं येईल असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले.

थोडंच आलं. बोलणं कळतं, बारीक स्वर गेले ते गेलेच. आईही त्यांतच गेली. त्या बाकावर मी लोकांदेखत रडलो.

तुमच्या एका कानाला असा अचानक दडा बसला, तर तेल घालू नका, सर्दी समजू नका. त्याच दिवशी दाखवा.

महिनाभर अल्बम उघडला नाही. शेवटी वैशालीच वैतागून म्हणाली, "अहो, मग आईंना उजवीकडं घ्या की!"

गणिताच्या मास्तरला हे सुचलं नव्हतं. अर्ध्या मिनिटाचं काम. आई उजव्या कानात गुणगुणू लागली.

गाणं संपेपर्यंत वैशाली शेजारी बसून होती. त्या दिवशी तिनं कुकर लावला नाही.