तीन आरोपांतला एक खरा

मिल्वॉकीत आमच्या गल्लीत सकाळी पाखरांचं गाणं ऐकू आलं, की ते बर्नाडीन वोयतासिकच्या माडीवरचं, हे कुणाला सांगावं लागत नाही. बत्तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. कॅनरी, ही गाणारी पिवळी पाखरं, पाळायला शिकली ती त्याच्याही आधी, वडिलांच्या हाताखाली. दर हिवाळ्यात कॅनरी मंडळाची गाण्याची स्पर्धा असते. कॅनरीत गातो तो नरच, म्हणून स्पर्धेसाठी ती कोवळ्या नरांना छोट्या पिंजऱ्यांत ठेवते, पुढे कापडी पडदा सोडते आणि दिवसातून तीन-चारदा तो सारते. उजेड आला की पाखरू गातं. माझा सगळा जन्म नाटकात गेला. पडदा सरकल्याबरोबर सुरात गाऊ लागणारा इतका इमानी नट मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या ऑक्टोबरात टॉड राइनहोल्ट नावाचा माणूस तिच्याकडून एक नर घेऊन गेला. तीन आठवड्यांनी त्याने फेसबुकवर लिहिलं, "या बाईने मला नर सांगून मादी विकली. इंजेक्शन देऊन तिला गायला लावलं. पाखरं अंधारात कोंडते." सोबत त्या पडद्यांचा फोटो. दोन दिवसांत तो मजकूर अख्ख्या शहरात फिरला. दुकानात बायका तिच्याकडे बघून कुजबुजू लागल्या.

मंडळाच्या अध्यक्षांचा, जेराल्डचा, तिला फोन आला. मादीला नराच्या हार्मोनचं इंजेक्शन देऊन गायला लावणं हा आमच्या इथल्या पाखरूवाल्यांत सगळ्यात नीच गुन्हा. ज्याच्यावर शाबीत होईल, तो मंडळातून कायमचा बाहेर.

"बर्नी, तिन्ही गोष्टी खोट्या आहेत असं लिहून दे. स्पर्धेत पाखरं मांडायचं तुझं टेबल वाचेल."

"आधी पाखरू बघते," बर्नाडीन म्हणाली.

मला बरोबर घेऊन ती टॉडच्या घरी गेली. तो फोन रोखून चित्रण करत उभा. ती अर्धा तास पिंजऱ्यासमोर बसली. मग म्हणाली, "मादीच आहे. चूक माझी."

"म्हणजे कबूल?"

"हे कबूल. इंजेक्शन कबूल नाही. कोवळी मादी कधीकधी आपणहून गुणगुणते, त्यात मी फसले. दुसऱ्यांदा."

"पहिल्यांदा कधी?"

"सदतीस वर्षांपूर्वी. तेव्हा गिऱ्हाईक दारात येऊन तोंडावर शिव्या देऊन गेलं. बरं होतं रे ते."

तिने त्याला त्या मादीच्या बदल्यात नर दिला. मजकूर मात्र तसाच राहिला. वकिलाकडे काम करणारी तिची भाची कोरीन टॉडला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा घेऊन आली. बर्नाडीनने चष्मा लावला आणि पहिला परिच्छेद पेनाने खोडला.

"मावशी, अगं हे खोडलंस तर आपली बाजू लंगडी पडते!"

"मादी विकली हे खरं आहे. खऱ्याबद्दल नोटीस कसली पाठवायची?"

नोटीस गेली. आठवड्यात टॉडने दोन आरोप काढले, आपण चुकीची माहिती दिली होती, हेही लिहिलं. मादीचं वाक्य राहिलं. त्याखाली बर्नाडीनने स्वतः लिहिलं, "हे खरं आहे. बर्नाडीन वोयतासिक." आणि आपला पत्ता, कुणालाही पाखरांची खोली बघायला येता यावं म्हणून.

मंडळाची सभा चर्चच्या तळघरात भरली. जेराल्ड कुरकुरला, "ते वाक्य अजून आहे, बर्नी. लोक विचारतील, तुला टेबल दिलंच कसं?"

"सांगा त्यांना. टेबल द्यायचं नसेल तर देऊ नका. पण मी खोटं लिहून ते घेणार नाही."

 मग मागून म्हातारा स्टॅन्ली उठला. "माझ्याकडूनही एकदा मादी गेलीय. मी कुणाला बोललो नाही."

"एकदा?" कुणीतरी ओरडलं. "माझ्या घरी तुझ्या दोन आहेत!"

हशा पिकला. हसू आवरत जेराल्डने खाली बघितलं, घसा खाकरला. "माझ्याही तीन गेल्यात," तो म्हणाला. "बर्नीला टेबल द्यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर झाले. मी मंडळाचा सभासद नाही, तरी माझाही होता.